मैदान कुणाचे, सराव कुणाचा?

जून महिना आला की आपल्या वस्त्यांत एकच धांदल उडते. वह्या, पुस्तके, दप्तर, गणवेश, शिकवणीची फी. कुणी पतपेढीतून उचल घेतो, कुणी माउली कानातले गहाण ठेवते, पण मुलाबाळांच्या शिक्षणाला खोट येऊ देत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी दाखविलेली शिक्षणाची वाट आपल्या आईबापांनी इतकी घट्ट धरून ठेवली आहे, याचा आम्हाला अभिमान वाटतो. परंतु या खरेदीच्या यादीत खेळाचे बूट क्वचितच असतात. शाळेच्या पालकसभेत गणित-इंग्रजीच्या गुणांविषयी दहा प्रश्न निघतात, पण ‘आमच्या मुलांचा खेळाचा तास नियमित होतो का?’ असे विचारणारा पालक शोधूनही सापडत नाही.

‘खेळून काय कलेक्टर होणार आहे का?’ हे वाक्य तर घरोघरी ऐकू येते. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. ज्याच्या बापाने आयुष्यभर अंगमेहनत केली, त्याला आपल्या मुलाने टेबल-खुर्चीवर बसावे असे वाटणे स्वाभाविक आहे. अंग घामेजण्याची हौस ज्यांना फिटेपर्यंत भागवावी लागली, त्यांना मैदानावरचा घाम वाया गेल्यासारखा वाटतो. पण वाचकहो, या समजुतीमुळे आपण आपल्या मुलांचे, विशेषतः मुलींचे, मोठे नुकसान करीत आहोत, असे आम्हाला वाटते. म्हणून आजच्या कुटुंब पानावर हा विषय थोडा सविस्तर मांडत आहोत.

महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांनी जो सत्याग्रह केला, तो केवळ पाणी पिण्यासाठी नव्हता. सार्वजनिक जागेवर माणूस म्हणून आपला हक्क आहे, हे त्यांना सांगायचे होते. शाळेचे पटांगण, नगरपालिकेचे क्रीडांगण, तालुक्याचे क्रीडा संकुल ह्याही सार्वजनिक जागाच आहेत. पाणवठ्यासारखेच मैदानावरही आपल्या माणसांना सुखाने येऊ दिले गेले नव्हते. हे समजून घ्यायचे तर क्रिकेटमधील एका थोर गोलंदाजाची कहाणी घरातल्या सर्वांनी ऐकली पाहिजे.

खेळपट्टी झाडणारा मुलगा

बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातले. मूळ कुटुंब कोकणातल्या पालवणचे. त्यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. वडील लष्कराच्या चाकरीत असल्याने कुटुंब पुण्यात आले. छावणीत साहेबांचे क्रिकेट चालायचे. ते बघून मुलेही खेळायला लागली. बाळूंनी पहिली नोकरी केली ती पारशी खेळाडूंच्या क्लबात. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तिथे चार रुपये मिळू लागले. जाळी बांधायची, पट्टी आखायची, आणि कधीमधी साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे.

हे चेंडू टाकणे हीच त्यांची शाळा झाली. डाव्या हाताने संथ, फिरकी चेंडू टाकणाऱ्या या पोराचा मारा भल्याभल्यांना कळेना. क्लबातला नामवंत फलंदाज ग्रेग हा रोज इतरांच्या आधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी आणि आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. चार रुपये महिना कमावणाऱ्या मुलाला आठ आणे म्हणजे चार दिवसांची मजुरी. असे शेकडो तास गोलंदाजी करून बाळूंचा हात तयार झाला.

परंतु या सरावातली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. त्या क्लबात त्यांना फलंदाजीची संधी कधी दिली गेली नाही. बॅट धरणे हे साहेबांचे काम, चेंडू टाकणे हे नोकराचे. म्हणजे सराव होता, पण तो दुसऱ्याच्या सोयीचा होता. बाळूंनी त्याच अर्ध्या सरावाचे सोने केले. पूर्ण सराव मिळाला असता तर हा माणूस कुठवर गेला असता, हा प्रश्न आम्हाला नेहमी अस्वस्थ करतो.

पुण्यातल्या हिंदू खेळाडूंना युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून नाखुशीने का होईना, बाळूंना संघात घेतले गेले. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळत. चेंडूला विटाळ होत नव्हता. पण चहाची वेळ झाली की संघातले इतर जण आत बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणाला वेगळी पाने, वेगळी जागा. ज्याच्या बळावर सामना जिंकायचा, त्यालाच चहा बाहेर!

पुढे प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, तेव्हा दोन्ही डाव मिळून आठ बळी बाळूंनी घेतले होते. त्यांचे धाकटे बंधू शिवरामही त्या संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने बहुतेक मोठे सामने गमावले, पण पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. तरुण वयात बाबासाहेबांनाही बाळूंच्या कामगिरीचा अभिमान होता, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी लिहिले आहे.

एवढी कामगिरी केल्यावर कर्णधारपद चालून यायला हवे होते. ते आले नाही. वर्षामागून वर्षे गेली, बाळूंपेक्षा कमी योग्यतेचे लोक कर्णधार झाले. १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळले गेले आणि त्यांचे बंधू विठ्ठल यांनाही डावलले गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. हा स्वाभिमान पाहून लोकमत फिरले. त्यानंतर बाळूंना उपकर्णधार नेमावे लागले. आणि १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्याच वर्षी त्यांनी चौरंगी सामने जिंकून दाखविले.

पुढे राजकारणात बाळूंची वाट वेगळी झाली. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत ते काँग्रेसच्या तिकिटावर प्रत्यक्ष बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले. बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे लढले आणि निवडून आले. आपल्यातल्या अनेकांना ही गोष्ट बोचते आणि म्हणूनच बाळूंचे नाव आपल्या घरांत फारसे घेतले जात नाही. आमचे म्हणणे असे की, राजकारणातला मतभेद राजकारणात ठेवावा. मातीच्या भांड्यात चहा पिऊन ज्याने मैदानावर माणुसकीची लढाई लढली, त्याची आठवण आपल्या मुलांना असायला हवी. १९५५ साली बाळूंचे निधन झाले.

या कहाणीतून आम्ही तीन शब्द उचलतो: सराव, कामगिरी आणि सहभाग. सराव मिळाला, पण अर्धा. कामगिरी झाली, ती डोळे दिपवणारी. तरीही बरोबरीचा सहभाग मिळायला दोन भावांना घरी बसावे लागले. ‘मुलात गुण असतील तर तो आपोआप वर येईल’ असे जे म्हणतात, त्यांना पालवणकर बंधूंचा इतिहास हेच उत्तर आहे. आपोआप काही होत नाही.

शाळेतला तास कुठे गेला?

आता आजच्या शाळेकडे वळू. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास असतो. प्रत्यक्षात काय होते? परीक्षा जवळ आली की त्या तासाला गणिताचे सर येतात. नाही आले तर मुलांना मैदानावर सोडून दिले जाते. मग चार-पाच दांडगी, आधीच खेळणारी मुले चेंडू ताब्यात घेतात. बाकीची कडेला उभी राहतात. मुली पायरीवर बसून गप्पा मारतात. वार्षिक क्रीडा महोत्सव आला की काही मुलांना फक्की मारायला, खुर्च्या उचलायला, पाणी भरायला लावले जाते. ती मुले कुठल्या वस्तीतली असतात, हे आम्ही सांगायला नको. अशा मुलांनी वर्षभर मैदानाची सेवा केली, पण मैदानावर खेळली किती वेळ? बाळूंच्या रोलरची आठवण येते ती इथे.

पालकांनी लक्षात ठेवावे की खेळ ही शाळेची मेहरबानी नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान असावे, प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचे साहित्य मिळावे, असे स्पष्ट म्हटले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूदही त्यात आहे.

त्याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांसाठी ही समिती असते. कायद्याप्रमाणे तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. दुर्बल घटकांतील पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. म्हणजे धुणीभांडी करणारी आपली ताईसुद्धा या समितीत हक्काने बसू शकते. तिने तिथे तीन प्रश्न विचारावेत. खेळाचा तास आठवड्यात किती वेळा होतो? साहित्य कपाटात आहे की मुलांच्या हातात? वर्गातली सगळी मुले खेळतात की फक्त संघातली? हे प्रश्न सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगावेत. तोंडी विचारलेला प्रश्न विसरला जातो, लिहिलेल्याला उत्तर द्यावे लागते.

मुले-मुली पाच ते सतरा वर्षांच्या वयात रोज सरासरी साठ मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पूर्वी गल्लीत, माळावर, विहिरीत पोहून ही साठ मिनिटे सहज भरत. आज गल्ली गाड्यांनी भरली आहे, माळावर इमारती आल्या आहेत आणि पोरांच्या हातात मोबाइल आहे. म्हणून ही साठ मिनिटे आता ठरवून द्यावी लागतील.

मुलीचा खेळ कुठे सुटतो?

पाचवीपर्यंत लंगडी, खो-खो, धावणे यात आपल्या मुली मुलांच्या पुढे असतात. सातवी-आठवी आली की त्या मैदानावरून दिसेनाशा होतात. कारणे आपल्या घरातच आहेत. पाळी सुरू झाली की ‘आता उड्या पुरे’ असे आजी म्हणते. पाण्याची वेळ, धाकट्या भावाला सांभाळणे, संध्याकाळच्या भाकऱ्या ही कामे मुलीच्या वाट्याला येतात. भाऊ क्रिकेट खेळून सात वाजता घरी येतो, त्याला कुणी विचारत नाही. बहीण सराव करून सहा वाजता आली तर दहा प्रश्न.

बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. त्या मापाने आपण आपले घर मोजून पाहावे.

पाळीविषयी दोन शब्द स्पष्ट बोलायला हवेत. पाळीच्या दिवसांत खेळल्याने शरीराचे काही बिघडत नाही. ज्या मुलीला त्रास होत नाही, तिने खुशाल खेळावे. जिला पोटात कळा येतात, तिने त्या दिवशी विश्रांती घ्यावी, आणि कळा दर महिन्याला असह्य होत असतील तर डॉक्टरांना दाखवावे. शाळेत मुलींसाठी पाणी असलेले, कडी लागणारे स्वच्छतागृह नसेल, तर मुली खेळणार कशा? हा प्रश्नही त्याच समितीत विचारायचा आहे.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभर मुलींपैकी एकोणसाठ मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्त कमी असलेली मुलगी दोन फेऱ्यांत धापा टाकते. आपण म्हणतो, ‘आळशी आहे.’ ती आळशी नसते, तिच्या अंगात लोह कमी असते. सरकारतर्फे शाळांत आणि अंगणवाड्यांत आठवड्याला एक लोहाची गोळी फुकट मिळते. ती जेवणानंतर घ्यावी, म्हणजे मळमळत नाही. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी ताटात लिंबाची फोड असावी.

घरात अंडे एक असेल तर ते मुलाच्या ताटात जाते, हे आम्ही पाहिले आहे. सिद्धार्थ गौतमाने उपासाने शरीर झिजविले, तेव्हा ज्ञान लाभले नाही. सुजातेची खीर घेतल्यावर त्यांच्या अंगात बळ आले, मग ते बोधिवृक्षाखाली बसले. वैशाख पौर्णिमेला आपण ही कथा विहारात ऐकतो आणि खीर वाटतो. तीच कथा घरच्या ताटाला लावली तर मुलीच्या वाट्याचे अंडे मुलीलाच मिळेल.

मुलींनी मनावर घेतले तर काय होते, त्याचे उदाहरण दूर नाही. धाराशिव जिल्ह्याच्या सारिका काळे यांनी गरिबीचे दिवस काढत खो-खो खेळला. अनेक वर्षे दिवसातून एकदाच पोटभर जेवण मिळत असे, असे त्यांनीच सांगितले आहे. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार होत्या आणि संघाने सुवर्णपदक जिंकले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांना तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून नेमणूकही मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत भारताच्या महिला आणि पुरुष दोन्ही संघांनी विजेतेपद मिळविले, आणि प्रियंका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. खो-खोला लागते काय? दोन खांब, थोडी मोकळी जमीन आणि रोजचा सराव. ना महागडी बॅट, ना क्लबची फी. गरिबाच्या घराला परवडणारा हा खेळ आहे.

वीणेच्या तारा

सराव म्हणजे मरेस्तोवर धावणे नव्हे. भगवान बुद्धांनी सोण नावाच्या भिक्खूला दिलेला उपदेश प्रत्येक खेळाडूने मनात ठेवावा. सोण श्रीमंत घरातला, अंगाने नाजूक. भिक्खू झाल्यावर तो इतक्या निष्ठेने चंक्रमण करू लागला की त्याच्या पायांतून रक्त आले. तरी फळ मिळेना, म्हणून तो निराश झाला. भगवंतांनी त्याला विचारले, ‘तू घरी असताना वीणा वाजवीत होतास ना? तार फार ताणली तर सूर लागतो का? फार सैल ठेवली तर लागतो का?’ सोणाला उमगले. तार बेताने ताणायची.

व्यायामशास्त्रही हेच सांगते. सरावाच्या आधी दहा मिनिटे हळू धावून, हात-पाय-कंबर मोकळी करून अंग तापवावे. श्रम दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावेत, एकदम नाही. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. कारण स्नायू बळकट होतात ते श्रमानंतरच्या विश्रांतीत. तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींना रात्री आठ ते दहा तास झोप हवी. रात्री बारापर्यंत मोबाइल बघून पहाटे पाचला मैदानावर जाणाऱ्या मुलाचा सराव अंगी लागत नाही.

उपाशीपोटी धावू नये आणि भरल्या पोटीही धावू नये. सरावाआधी एखादे केळे किंवा अर्धी भाकरी-गूळ पुरे. सरावानंतर भिजवलेले हरभरे, मोड आलेली मटकी, शेंगदाणे-गूळ, अंडे, परवडेल तेव्हा मासे-मटण. उन्हाळ्यात तहान लागण्याची वाट न बघता पाणी प्यावे. घाम फार गेला तर लिंबू, मीठ आणि साखर घातलेले पाणी घ्यावे. पाय मुरगळला तर लगेच तेल लावून चोळू नये. खेळ थांबवावा, थंड पाण्याची पट्टी ठेवावी, बांधून पाय उंच ठेवावा. सूज उतरली नाही किंवा पायावर भार देता आला नाही तर सरकारी दवाखान्यात जावे. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये.

आणखी एक इशारा. भरतीची तयारी करणाऱ्या काही तरुणांना ताकद वाढविण्याची इंजेक्शने आणि अनोळखी पावडरी विकल्या जातात. त्यांच्या नादी लागू नका. यकृत आणि हृदय बिघडले तर वर्दी अंगावर चढण्याआधीच माणूस अंथरुणाला खिळतो.

बेताने ताणलेल्या तारेचे उदाहरण म्हणून अविनाश साबळेकडे पाहावे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा मुलगा. आईवडील वीटभट्टीवर राबले. शाळा घरापासून सहा किलोमीटर, तो चालत-धावत जाई. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला आणि त्याला पलटण मिळाली ती महार रेजिमेंट. सैन्याची दारे आपल्या समाजाला बंद झाली होती. ती पुन्हा उघडावीत म्हणून बाबासाहेबांनी झगडा केला आणि १९४१ साली ही रेजिमेंट उभी राहिली. त्याच रेजिमेंटच्या या जवानाने सियाचिनची थंडी आणि राजस्थानचे ऊन सोसले आणि त्यानंतर तो शर्यतींकडे वळला. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तो अंतिम शर्यतीत धावला. लहानपणी क्लब मिळाला नाही म्हणून सगळे संपले, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

खेळ आणि पोट

आम्ही वाचकांना खोटी आशा दाखविणार नाही. मैदानावर जाणाऱ्या शंभर मुलांपैकी पदक एखाद्यालाच मिळेल, कदाचित एकालाही नाही. एके काळी गिरणगावातल्या चाळींच्या पटांगणांत ट्यूबलाइटच्या उजेडात कबड्डीचे सामने रंगत, आणि चांगली चढाई करणाऱ्या पोराला कंपनीत, बँकेत, रेल्वेत नोकरी लागे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि ते दिवस सरले. तरीही खेळाचा पोटाशी संबंध तुटलेला नाही.

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला ठरलेल्या पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना सवलतीचे गुण मिळतात. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा गटांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात. कुठल्या स्पर्धेचे प्रमाणपत्र चालते आणि ते पडताळून कसे घ्यायचे, याची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. गल्लीतल्या कुठल्याही स्पर्धेचे किंवा पैसे देऊन आणलेले प्रमाणपत्र चालत नाही, उलट गुन्हा दाखल होतो. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनींत लहान वयात चाचणी घेऊन मुले निवडतात आणि राहणे, जेवण, शिक्षण, प्रशिक्षण एकत्र देतात. त्या चाचण्यांची चौकशी पालकांनी वेळेवर करावी.

पोलीस भरतीचेच पाहा. गेल्या भरतींत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागले, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. आपली मुले जाहिरात आल्यावर तीन महिने धावतात, गुडघे दुखवून घेतात आणि अर्ध्या गुणासाठी मागे राहतात. जो मुलगा किंवा मुलगी दहाव्या वर्षापासून मैदानावर आहे, तिला हे अंतर म्हणजे रोजचाच सराव वाटतो.

आणि नोकरीपलीकडेही खेळ पुष्कळ देतो. हरल्यावर पुन्हा उभे राहणे, पंचाचा निर्णय मानणे, दुसऱ्या जातीधर्माच्या मुलाच्या खांद्याला खांदा लावून डाव जिंकणे, चारचौघांत मान वर करून उभे राहणे. पुढे मुलाखतीच्या खोलीत या गोष्टी उपयोगी पडतात. व्यसनाच्या अड्ड्यावरून मुलाला ओढून आणण्यापेक्षा त्याला आधीच मैदानावर नेणे सोपे असते, हे वस्तीतल्या प्रत्येक आईला माहीत आहे.

वस्तीने काय करावे?

आपल्याकडे कवायतीची परंपरा आहे. महाड सत्याग्रहाच्या त्या भारलेल्या काळात समता सैनिक दल उभे राहिले. शिस्तीत चालणारे, कवायत करणारे, सभा-मोर्चांना संरक्षण देणारे ते तरुण दिवसभर राबणारे कामगारच होते. जवळजवळ प्रत्येक मोठ्या वस्तीत आज एखादे निवृत्त जवान, पोलीस हवालदार किंवा जुने कबड्डीपटू आहेत. त्यांच्याकडे अनुभव आहे आणि सकाळचा वेळही आहे. त्यांना मानाने बोलावून रविवारी सकाळी बुद्धवंदनेनंतर विहाराच्या अंगणात तासभर मुलामुलींची कवायत आणि खेळ घ्यायला सांगावे.

१४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेवर किती खर्च होतो, याचा हिशेब प्रत्येक समितीने स्वतःच करावा. त्यातला थोडा भाग बाजूला काढला तरी दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या, दोन फुटबॉल, खो-खोचे खांब आणि एक प्रथमोपचाराची पेटी येते. या साहित्याची जबाबदारी महिला मंडळाकडे द्यावी, म्हणजे ते कुलपात पडून राहणार नाही आणि मुलींनाही हक्काने मिळेल. दिव्यांग मुलांना कडेला बसवून गुण लिहायला लावू नये. त्यांना जमेल तसा खेळ बसवावा. आणि वस्तीजवळच्या मैदानावर अतिक्रमण झाले असेल तर नगरसेवकाकडे सह्यांचे निवेदन घेऊन जावे. मैदान गेले की पुन्हा मिळत नाही.

घरात तर आजपासूनच सुरुवात करता येईल. मुलीच्या सरावाचा तास ठरवून द्यावा आणि त्या तासाला तिचे काम भावाने करावे. आठवड्यातून एकदा बापाने मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहावे. बाप बघतो आहे म्हटल्यावर मुलाच्या पायांत बळ येते, आणि शिक्षकांच्याही लक्षात येते की या मुलाला विचारणारे कुणी आहे.

येत्या पालकसभेला जाताना गुणपत्रिकेबरोबर खेळाच्या तासाचा प्रश्नही घेऊन जा. आपल्या शाळेने काय उत्तर दिले, ते आम्हाला अवश्य कळवा.

जय भीम!